स्मृतिभ्रंशात मेंदूच्या जाळ्यांमधील जोडणी नेमकी कशी बदलते?

सायली_वाई यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या कुटुंबात सध्या स्मृतिभ्रंशाचे दोन रुग्ण आहेत आणि दोघांच्या आजाराचे स्वरूप इतके परस्परविरोधी आहे की या दोन्ही आजारांना एकाच वर्गात का बसवतात, हा प्रश्न मला सारखा पडतो.

माझ्या सासूबाईंचे वय 76 आहे आणि त्यांना अल्झायमरचे निदान झाले आहे. सकाळी कोण येऊन गेले हे त्यांना दुपारी आठवत नाही, ओळखीच्या गल्लीत त्या वाट चुकतात आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मात्र दारात कोणी आले की हात धरून आत नेणे, चहा घेतल्याशिवाय उठू न देणे, समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसला की जवळ बसवून पाठीवरून हात फिरवणे, यांत काहीही उणे झालेले नाही. उलट त्या पूर्वीपेक्षा अधिक हळव्या झाल्या आहेत.

माझे मामा 61 वर्षांचे आहेत. त्यांना वर्तनावर परिणाम करणाऱ्या प्रकारचा फ्रंटोटेम्पोरल (मेंदूच्या पुढील आणि कानशिलाजवळील भागांचा) स्मृतिभ्रंश आहे. नात्यातले कोणते लग्न कोणत्या साली झाले, कोकण रेल्वेची कोणती गाडी कुठे थांबते, हे सगळे ते आजही बिनचूक सांगतात. पण मामी तापाने फणफणलेल्या असताना ते जेवण केव्हा मिळणार एवढेच विचारत राहतात, पंगतीत शेजारच्याच्या ताटातील गोड पदार्थ उचलतात आणि एका नातेवाइकाच्या तेराव्याला ते सर्वांदेखत मोठ्याने हसले. मामींना याचे जे दुःख होते, त्याला सीमा नाही, कारण हा आजार आहे हे बाहेरच्यांना पटतच नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. वाचता वाचता मला एवढे समजले की अल्झायमरमध्ये ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ नावाच्या जाळ्यातील जोडणी कमी होते आणि ‘सेलियन्स नेटवर्क’ मधील जोडणी वाढते, तर मामांच्या आजारात याच्या नेमके उलट घडते. येथे माझी गाडी अडली आहे. ही जोडणी म्हणजे प्रत्यक्षात काय मोजतात? पेशी मेल्यामुळे जोडणी तुटते की जोडणी आधी बिघडते आणि पेशी नंतर मरतात? आजारात एखाद्या जाळ्यातील जोडणी वाढते याचा अर्थ मेंदू स्वतःला सावरत आहे असा घ्यायचा की तेही आजाराचेच रूप मानायचे? आणि आमच्या दोन्ही रुग्णांची अशी तपासणी करून काही हाती लागेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

सायलीताई, मी मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत संशोधक आहे. तुम्ही दोघांचे जे वर्णन केले आहे, त्याच्याच आधाराने लिहितो, कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या क्षेत्राला जे सर्वांत महत्त्वाचे उमगले ते तुमच्या घरात शेजारी शेजारी उभे आहे.

तुम्ही विचारलेली जोडणी फंक्शनल एमआरआय या स्कॅनने मोजतात, पण तो चेतापेशींचे विद्युत संदेश थेट मोजत नाही. एखाद्या भागातील पेशींचे काम वाढले की तेथील रक्तप्रवाह वाढतो, ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण बदलते आणि या दोहोंचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असल्यामुळे यंत्राला मिळणारा संकेत किंचित बदलतो. भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात असे दाखवले की माणूस काहीही न करता स्वस्थ पडून असतानाही मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या, हातांची हालचाल घडवणाऱ्या भागांतील संकेत एकाच लयीत वर-खाली होत राहतात. ही लय फार संथ असते आणि तिच्या एका आवर्तनाला 10 सेकंदांहून अधिक काळ लागतो. दोन भागांच्या संकेतांमधील या सहसंबंधालाच कार्यात्मक जोडणी म्हणतात. तुम्हाला लगेच जाणवेल की हा केवळ सहसंबंध आहे. दोन भागांमध्ये थेट तंतू नसतानाही तिसऱ्या भागामार्फत तो दिसू शकतो. प्रत्यक्ष तंतूंची, म्हणजे मेंदूतील श्वेतद्रव्याची जोडणी निराळ्या पद्धतीने, पाण्याच्या रेणूंचा प्रसार कोणत्या दिशेने होतो हे पाहून अजमावतात.

आता डिफॉल्ट मोड जाळ्याविषयी. मार्कस राइकली आणि त्यांच्या सेंट लुईस येथील सहकाऱ्यांनी 2001 मध्ये हे नाव रूढ केले. बाहेरचे एखादे काम हाती घेतले की ज्यांची क्रिया मंदावते आणि माणूस स्वतःच्या विचारांत असताना ज्यांची क्रिया पुन्हा वाढते, असे काही भाग आहेत: मेंदूच्या मध्यरेषेवर मागील बाजूस असलेला पोस्टेरिअर सिंग्युलेट आणि त्याला लागून असलेला प्रीक्युनिअस, कपाळामागील मध्यभाग, दोन्ही बाजूंचे अँग्युलर गायरस. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूच्या आतला भाग, आणि त्याच्या भोवतालचा प्रदेशही या जाळ्याशी घट्ट जोडलेला आहे. घडून गेलेले आठवणे, पुढे काय करायचे याची कल्पना करणे, स्वतःला काळात आणि जागेत कुठेतरी ठेवणे, या गोष्टी या जाळ्यावर अवलंबून असतात. 2004 मध्ये स्टॅनफर्डच्या मायकल ग्रायशस यांच्या गटाने अल्झायमरच्या सौम्य अवस्थेतील रुग्णांमध्ये या जाळ्यातील लय क्षीण झालेली दाखवली. पुढच्याच वर्षी रँडी बकनर यांच्या गटाने असे मांडले की अल्झायमरशी निगडित अमायलॉइड प्रथिनाचे थर ज्या भागांत लवकर साचतात त्यांचा नकाशा आणि या जाळ्याचा नकाशा एकमेकांवर बऱ्याच अंशी बसतात. सासूबाईंना दुपारी सकाळ आठवत नाही आणि गल्लीत वाट सापडत नाही, या दोन्ही तक्रारी याच जाळ्याच्या हद्दीतील आहेत.

सेलियन्स जाळ्याचे काम वेगळे आहे. अँटेरिअर इन्सुला आणि अँटेरिअर सिंग्युलेट हे त्याचे मुख्य भाग. शरीरातून येणारी जाणीव, समोरच्याच्या चेहऱ्यावरील वेदना, प्रसंगाचे गांभीर्य, यांपैकी या क्षणी महत्त्वाचे काय आहे हे हे जाळे निवडते. या दोन भागांत व्हॉन इकोनोमो पेशी नावाच्या मोठ्या, लांबट आकाराच्या चेतापेशी आढळतात आणि मामांना जो आजार आहे त्यात या पेशींवर लवकर घाला पडतो. मामींच्या तापाची माहिती मामांच्या मेंदूत पोचत नाही असे समजू नका. ताप आहे हे त्यांना कळते, पण ते आपल्याला लागून आहे, त्यावर आत्ता काही करायला हवे, ही निकड तयार होत नाही. मामींना हे कोणीतरी शांतपणे समजावून सांगितले पाहिजे, असे मला फार वाटते.

2009 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील विल्यम सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या आणि त्याच्याशी निगडित अशा पाच प्रकारच्या आजारांमध्ये मेंदूचे कोणते भाग झिजतात याचे नकाशे घेतले आणि त्यांच्याशेजारी निरोगी माणसांच्या जाळ्यांचे नकाशे ठेवले. प्रत्येक आजाराची झीज एकेका निरोगी जाळ्याच्या आकृतीशी जुळली. म्हणजे हे आजार मेंदूभर वाटेल तसे पसरत नाहीत; प्रत्येकाचे आपले जाळे ठरलेले असते. पुढच्या वर्षी याच गटातील ह्वान झोऊ यांनी तुम्ही उल्लेख केलेला विरोध मांडला. अल्झायमरमध्ये डिफॉल्ट मोड जाळे क्षीण आणि सेलियन्स जाळे तीव्र, तर फ्रंटोटेम्पोरल प्रकारात त्याच्या उलट. निरोगी अवस्थेत ही दोन जाळी बहुधा आलटून-पालटून पुढे येतात. त्यामुळे एकाचा लगाम सुटला की दुसरे मोकाट होते, असा या निष्कर्षाचा एक अर्थ लावला जातो. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये इतरांच्या भावनांविषयीची संवेदनशीलता बराच काळ टिकते, काहींत ती वाढलेली दिसते. सासूबाईंचा हळवेपणा त्यात बसतो, असे मी सावधपणे म्हणेन.

क्षकिरण यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण मी रेडिओलॉजिस्ट असल्यामुळे तुमच्या चौथ्या प्रश्नाविषयी मला ठामपणे लिहावेसे वाटते. कार्यात्मक जोडणीची तपासणी करून एका विशिष्ट रुग्णाचे निदान करता येत नाही. कोणी तशी तपासणी सुचवली तर त्यावर पैसे खर्च करण्याआधी आपल्या न्यूरोलॉजिस्टशी बोलावे.

यामागील कारणे समजून घेण्यासारखी आहेत. झोऊ यांच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख झाला, त्यात प्रत्येक गटात 12 माणसे होती. अशा अभ्यासातून गटांच्या सरासरीतील फरक कळतो. निरोगी माणसांमध्येही जोडणी कमी-अधिक असते आणि गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका माणसाचा आकडा पाहून तो कोणत्या गटातील हे सांगणे धोक्याचे ठरते. त्यातच माणूस झोपेत होता की जागा, डोळे उघडे होते की मिटलेले, सकाळी कॉफी घेतली होती का, यांनीही आकडे बदलतात. वयोमानानुसार रक्तवाहिन्या ताठर झालेल्या असतील, तर चेतापेशींचे काम तेच राहूनही रक्तप्रवाहाचा प्रतिसाद बदलतो आणि आपण तो जोडणीतील बदल समजतो.

सर्वांत मोठी अडचण डोके हलण्याची आहे. 2012 मध्ये एकाहून अधिक गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की डोक्याची अगदी मिलिमीटरच्या अंशाइतकी हालचालही दूरच्या भागांमधील जोडणी खोटीच कमी आणि जवळच्या भागांमधील जोडणी खोटीच जास्त दाखवते. आता विचार करा: एमआरआयच्या अरुंद बोगद्यात, त्या कर्कश आवाजात, आपण येथे का आहोत हे विसरलेला वृद्ध रुग्ण निरोगी माणसाइतका स्थिर राहील का? म्हणजे रुग्ण जास्त हलतात आणि हलण्यामुळे दिसणारा दोष आपण ज्या बदलाच्या शोधात आहोत त्याच्यासारखाच असतो. हालचालीचा परिणाम वजा करण्याच्या पद्धती आता बऱ्याच सुधारल्या आहेत आणि डिफॉल्ट मोड जाळे क्षीण होते हा निष्कर्ष त्यांनंतरही मोठ्या गटांमध्ये टिकून आहे. मात्र 2012 पूर्वीचे अभ्यास वाचताना हे भान सोडू नये.

निदानासाठी खरोखर उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी. नेहमीच्या एमआरआयमध्ये कोणता भाग आक्रसला आहे हे पाहावे. मामांसारख्या रुग्णात पुढील बाजूची आणि कानशिलामागील झीज, सासूबाईंसारख्या रुग्णात हिप्पोकॅम्पस आणि मागील मध्यरेषेजवळील झीज अपेक्षित असते. ग्लुकोजच्या वापरावर आधारित पेट स्कॅनमध्ये हाच फरक अधिक लवकर दिसू शकतो. पोस्टेरिअर सिंग्युलेटमध्ये ग्लुकोजचा वापर कमी होणे हे अल्झायमरचे फार आरंभीचे लक्षण असल्याचे 1990 च्या दशकापासून माहीत आहे. गरज भासल्यास अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या तपासण्या असतात.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फार दुर्लक्षित राहते. रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात, श्वेतद्रव्यात ठिकठिकाणी इजा होते आणि त्या ठिकाणी जोडणी शब्दशः तुटते, कारण तंतूच नष्ट होतात. मी पाहतो त्या वृद्धांच्या स्कॅनमध्ये अल्झायमरच्या जोडीला ही इजा वारंवार असते. अशा रुग्णात विचारांचा वेग मंदावतो, एका कामावरून दुसऱ्या कामावर मन वळवणे जड जाते. सासूबाईंचा रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे हे जोडणी वाचवण्याचेच काम आहे आणि तुमच्या हातात असलेले हे सर्वांत ठोस काम आहे.

सायली_वाई

दोघांचेही मनापासून आभार. क्षकिरण, तुमच्यामुळे एक मोठा खर्च वाचला, कारण आमच्या परिचयातील एकाने असा स्कॅन करून घ्या असा आग्रह धरला होता. सासूबाईंना रक्तदाब आहे. आता मी त्याची नोंदवही ठेवीन.

कृष्णाकाठ, माझा क्रमाविषयीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. आधी जोडणी की आधी पेशी? आणि लगाम सुटून जाळे मोकाट होते असे तुम्ही लिहिले, तर मग वाढलेली जोडणी चांगली नसतेच का?

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

क्रमाचा प्रश्न टाळण्याचा माझा हेतू नव्हता. त्याला स्वतंत्र जागा हवी होती.

पेशी पूर्ण मरण्याच्या खूप आधी तिची दुसऱ्या पेशीशी असलेली भेटीची जागा, म्हणजे चेतासंधी, निकामी होऊ लागते. 1991 मध्ये रॉबर्ट टेरी यांच्या गटाने मृत रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास करून दाखवले की हयातीतील बौद्धिक ऱ्हासाशी सर्वांत घट्ट नाते अमायलॉइडच्या थरांचे नसते. ते चेतासंधी किती उरल्या होत्या याच्याशी असते. त्याआधी 1984 मध्ये ब्रॅडली हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी नेमकी गोष्ट सांगितली होती. हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणाऱ्या एन्टोरायनल कॉर्टेक्समधील ठरावीक थरांच्या पेशी आणि हिप्पोकॅम्पसमधून माहिती बाहेर नेणाऱ्या पेशी, या दोन्ही अल्झायमरमध्ये निवडून नष्ट होतात. त्यामुळे हिप्पोकॅम्पसचे बरेचसे ऊतक जागेवर असूनही ते उर्वरित मेंदूपासून वेगळे पडते. अल्झायमरकडे जोडणी तुटण्याचा आजार म्हणून पाहण्याची सुरुवात, माझ्या मते, या निरीक्षणापासून धरली पाहिजे. एमआरआयची जाळी त्यानंतर आली.

मात्र जोडणी ही फक्त बळी पडणारी वस्तू नाही, तीच आजाराची वाटही आहे. टाऊ प्रथिनाच्या गाठी कोणत्या क्रमाने दिसतात हे हायको आणि एफा ब्राक यांनी 1991 मध्ये सहा टप्प्यांत मांडले: प्रथम एन्टोरायनल प्रदेशात, मग हिप्पोकॅम्पसच्या परिसरात आणि शेवटी कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरील थराच्या, विस्तीर्ण भागांत. हा क्रम केवळ शेजार पाहून पुढे जात नाही. 2012 मध्ये दोन प्रयोगशाळांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात मानवी टाऊ मुख्यतः एन्टोरायनल कॉर्टेक्समध्येच निर्माण व्हावे. काळ लोटल्यावर ते त्या भागाशी जोडलेल्या पुढच्या पेशींमध्येही सापडले. माणसांमध्ये टाऊचे पेट स्कॅन शक्य झाल्यावर 2020 मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवले की ज्या दोन भागांतील जोडणी मूळची घट्ट असते, त्यांच्यात टाऊचे साचणेही एकमेकांच्या मागोमाग होते. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका दिशेचे नाही: टाऊ जोडणीच्या वाटेने पुढे सरकते आणि जेथे पोचते तेथील जोडणी नासवते. चेतासंधी आधी जातात, पेशी नंतर.

आता वाढलेल्या जोडणीविषयी. मेयो क्लिनिकच्या डेव्हिड जोन्स यांच्या गटाने 2016 मध्ये एक मांडणी केली जी मला पटते. विजेच्या ग्रिडमध्ये एक उपकेंद्र कोलमडले की त्याचा भार शेजारच्या केंद्रांवर पडतो आणि काही काळ ती केंद्रे जास्त भाराने चालतात. जुलै 2012 मध्ये उत्तर भारतात हे आपण मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. त्यांच्या मते डिफॉल्ट मोड जाळ्याचा मागील भाग प्रथम खचतो, त्याचा भार दुसऱ्या केंद्रांकडे वळतो आणि त्या काळात त्यांची जोडणी वाढलेली दिसते. पुढे तीही थकतात. या दृष्टीने पाहिले तर वाढ आणि घट हे एकाच प्रक्रियेचे दोन टप्पे ठरतात आणि रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे यावर आपल्याला काय दिसणार हे अवलंबून राहते. सुरुवातीच्या अभ्यासांत एकाला वाढ आणि दुसऱ्याला घट का दिसली, याचा उलगडाही त्यातून काही प्रमाणात होतो.

यातील केंद्रांचे महत्त्व ग्राफ सिद्धांतातून तुम्हाला चटकन कळेल. मेंदूचा ग्राफ असा आहे की बहुतेक शिरोबिंदूंना, म्हणजे भागांना, थोड्याच कडा, म्हणजे जोडण्या, असतात आणि काही मोजक्यांना पुष्कळ. असे बहुसंबंधी भाग सतत कार्यरत असल्यामुळे त्यांचा ऊर्जेचा खर्च मोठा असतो, आणि आधीच मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असून विश्रांतीतील ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के वापरतो. पोस्टेरिअर सिंग्युलेट आणि प्रीक्युनिअस हे या बहुसंबंधी भागांत अग्रभागी आहेत. अल्झायमरचा वार तेथेच बसतो, त्यामुळे थोड्या भागाच्या बिघाडाने संपूर्ण ग्राफमधील अंतरे वाढतात.

वाढलेली क्रिया सावरणारी असते की हानी करणारी, याविषयी प्राण्यांवरील प्रयोगांचा कौल हानीकडे झुकतो. 2008 मध्ये म्यूनिकच्या एका गटाने उंदरांमध्ये दाखवले की अमायलॉइडच्या थरांजवळील चेतापेशी शांत होण्याऐवजी प्रमाणाबाहेर सक्रिय झालेल्या असतात. चेतापेशींची क्रिया वाढली की टाऊचा प्रसार वाढतो, हेही उंदरांमध्ये दिसले आहे. माणसांमध्ये, सौम्य स्मृतिदोषाच्या अवस्थेत हिप्पोकॅम्पसची क्रिया कधीकधी वाढलेली असते. ती भरपाई असती तर कमी केल्यावर स्मरण बिघडायला हवे होते. पण 2012 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने अपस्मारावरील लेव्हेटिरासेटाम हे औषध अल्प मात्रेत देऊन ती क्रिया कमी केली, तेव्हा स्मरणाच्या चाचणीतील कामगिरी सुधारली. हे औषध अल्झायमरवरील उपचार म्हणून प्रस्थापित झालेले नाही, त्यामुळे कोणी ते स्वतःहून सुरू करू नये. तरीही वाढलेल्या क्रियेला सरसकट चांगले म्हणता येत नाही, हे त्या प्रयोगाने नीट दाखवले.

वाचाउपचार यांचा प्रतिसाद

मी सोलापूरला वाचा आणि भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. वाढलेली जोडणी नेहमी वाईटच असते असा समज वरील चर्चेतून होऊ नये, म्हणून एक बाजू मांडते.

आमच्या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड, बाजारात मराठी आणि शेजारी उर्दू किंवा हिंदी, असे आयुष्य जगलेले वृद्ध पुष्कळ आहेत. अशाच बहुभाषिक हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास करून 2013 मध्ये निष्कर्ष मांडला की एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. हा फरक निरक्षर रुग्णांमध्येही टिकला, म्हणून तो केवळ शाळेचा परिणाम म्हणता येत नाही, आणि तो फ्रंटोटेम्पोरल प्रकारातही आढळला.

यामागे जोडणीचा काही संबंध असावा का, याचा शोध इटलीतील डॅनिएला पेरानी यांच्या गटाने 2017 मध्ये घेतला. जर्मन आणि इटालियन दोन्ही बोलणारे अल्झायमरचे रुग्ण आणि फक्त इटालियन बोलणारे रुग्ण यांची पेट स्कॅनच्या आधारे तुलना केली असता, द्विभाषिकांच्या मेंदूत ग्लुकोजच्या वापरातील घट अधिक गंभीर होती, म्हणजे आजार जास्त पुढे गेलेला होता. असे असूनही ते स्मरणाच्या काही चाचण्यांत सरस ठरले आणि निर्णय व नियंत्रण सांभाळणाऱ्या जाळ्यातील जोडणी त्यांच्यात अधिक बळकट आढळली. आयुष्यभर दोन भाषांपैकी एक आवरून दुसरी बोलण्याचा सराव करणाऱ्या जाळ्याने काही काळ भार पेलला, असा त्याचा अर्थ होतो. कृष्णाकाठ म्हणतात तो थकवा त्यांनाही पुढे येतोच, आणि माणसांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत द्विभाषिकतेचा फायदा इतका स्पष्ट दिसलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. मला स्वतःला मात्र हिप्पोकॅम्पसमधील अनावर क्रिया आणि नियंत्रणाच्या जाळ्यातील कमावलेली बळकटी या दोन गोष्टींना एका मापाने मोजणे बरोबर वाटत नाही.

सायलीताई, सासूबाईंची माहेरची बोली किंवा दुसरी एखादी भाषा असेल, तर ती त्यांच्याशी बोलणारे माणूस घरी येत राहू द्या. त्यामुळे आजार थांबेल असा दावा मी करत नाही. त्यांना ज्यात सहज बोलता येते ते त्यांच्यापासून सुटू नये, एवढ्यासाठी सांगते.

सायली_वाई

सासूबाई बेळगावच्या आहेत आणि त्यांना कन्नड उत्तम येते. त्यांची धाकटी बहीण फोनवर त्यांच्याशी कन्नडमध्येच बोलते. ते फोन आता रोज होतील असे पाहीन.

एक शेवटचा प्रश्न. सासूबाईंना डोनेपेझिल दिले आहे आणि तिचा थोडा उपयोग जाणवतो. तीच गोळी मामांना का देत नाहीत, असे मामी विचारतात. याचाही जाळ्यांशी संबंध आहे का?

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

आहे. मेंदूच्या तळाशी, कपाळाच्या मागील बाजूस, मायनर्टचे केंद्रक नावाचा पेशींचा एक लहान समूह असतो. कॉर्टेक्सच्या बहुतेक भागांना ॲसिटिलकोलीन हे रसायन तेथून पोचते आणि लक्ष व स्मरण यांत गुंतलेल्या जाळ्यांच्या कामासाठी ते आवश्यक असते. अल्झायमरमध्ये या केंद्रकातील पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, म्हणून उरलेले ॲसिटिलकोलीन अधिक काळ टिकवणारी डोनेपेझिलसारखी औषधे लक्षणांमध्ये थोडा आराम देतात. मूळ ऱ्हास त्यांनी थांबत नाही. लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात ही तूट आणखी मोठी असते आणि तेथे अशा औषधांचा गुण अनेकदा अधिक ठळक दिसतो. मामांच्या आजारात ही यंत्रणा तुलनेने शाबूत राहते, त्यामुळे भरून काढायला तूटच नसते आणि काही रुग्णांमध्ये या औषधाने बेचैनी व वर्तनातील बिघाड वाढल्याचे आढळले आहे. त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांचा विचार करतात, तेही वर्तन थोडे निवळावे एवढ्याच अपेक्षेने. मामींनी सासूबाईंच्या गोळ्या मामांना देऊन पाहू नयेत, हे त्यांना आजच सांगा. आणि मामांच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत गोड खाण्याच्या अनावर ओढीबद्दल आवर्जून सांगा, कारण ते या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे आणि घरातील माणसे बहुतेक वेळा ते सांगायचे राहून जातात.